घोडा तिकडे, बोली इकडून: पहिल्यांदाच ऑनलाइन लिलावात उतरताय? आधी हे वाचा

मंचरच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव पाहिलेल्या माणसाला लिलाव म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. व्यापारी ढिगापाशी येतो, मूठभर कांदे उचलतो, दाबून बघतो आणि मगच आकडा बोलतो. बोली तोंडाने लागते, पण ती ठरते हाताने आणि डोळ्याने.

आता कल्पना करा, ढिगाच्या जागी घोडा आहे, तो दुसऱ्या जिल्ह्यात किंवा दुसऱ्या राज्यात उभा आहे आणि तुम्ही मंचरमध्ये दुकानाच्या गल्ल्यावर बसून मोबाईलवर त्याची बोली लावताय. हात लावता येत नाही, दात बघता येत नाहीत, चाल दिसते ती कॅमेरा दाखवेल तेवढीच. आणि किंमत मात्र लाखांत आहे. असा व्यवहार पहिल्यांदा करणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती वाटते ती बटण चुकीचं दाबलं जाण्याची. खरा धोका मात्र बटणात नसतो, तो त्याआधीच्या तयारीत असतो.

आपल्या भागात घोडा लागतोच

जुन्नर-आंबेगावच्या यात्रांमध्ये बैलगाड्यापुढे घोडी पळवायची जुनी परंपरा आहे. २०१४ च्या बंदीनंतर सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. त्यानंतर गावोगावचे घाट पुन्हा गजबजले. वरातीची घोडी तर बाराही महिने लागते. त्यावर पोट असलेली कुटुंबं आहेत. अशा घरात घोडी म्हणजे हौस नसते, ती रोजीरोटी असते. एक चुकीची खरेदी झाली, तर अख्खा लग्नसराईचा हंगाम हातचा जातो.

बैल घ्यायचा तर बेल्हे आणि चाकणचे बाजार जवळ आहेत. घोड्यासाठी मात्र लांब जावं लागतं. तापीकाठचं सारंगखेडा, नांदेड जिल्ह्यातलं माळेगाव, नाहीतर थेट राजस्थान, पंजाब. शिवाय देशात घोडे कमी होत चाललेत. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे आणि तट्टू मिळून साधारण ३ लाख ४० हजार मोजले गेले. २०१२ च्या तुलनेत ही घट ४५ टक्क्यांहून जास्त होती. चांगलं जनावर कमी आणि ते लांब, म्हणून दुरून खरेदी करायचा मोह वाढतो.

यात्रेतला सौदा आणि लिलाव यात फरक आहे, हे आधी लक्षात घ्या. जनावरांच्या बाजारात घासाघीस चालते. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, दोन दिवस विचार करायलाही मिळतो. लिलावात एका घोड्याला मिळतात जेमतेम काही मिनिटं. इंग्लंडमधल्या न्यूमार्केटची ‘टॅटरसॉल्स’ ही संस्था १७६६ पासून घोड्यांचे लिलाव करतेय. २०२० मध्ये कोरोनामुळे लोकांना येता येईना, तेव्हा तिनेही घरबसल्या बोली लावायची सोय सुरू केली. रिंगणात घोडा फिरतोय, समोर माणसं बोली लावतायत आणि त्याच वेळी इंटरनेटवरूनही बोली येतेय, अशी ही पद्धत आहे.

नाव नोंदवण्यापासून सुरुवात

अशा लिलावात ऐनवेळी उतरता येत नाही. आधी नाव नोंदवावं लागतं, ओळखीचे आणि बँकेचे कागद द्यावे लागतात. बहुतेक ठिकाणी अनामत भरावी लागते, नाहीतर तुमची बोलीची मर्यादा ठरवून घ्यावी लागते. हे काम निदान आठवडाभर आधी उरका.

मग मिळते घोड्यांची यादी. तिला कॅटलॉग म्हणतात आणि त्यातल्या प्रत्येक घोड्याला लॉट नंबर असतो. लोक फोटो बघतात आणि यादीच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेल्या अटी सोडून देतात. खरी गोष्ट तिथेच असते. घोडा परत करता येतो का? कोणत्या दोषासाठी? किती दिवसांत? कमिशन किती आणि कोणी द्यायचं? पैसे कधीपर्यंत भरायचे? लिलावानंतर घोडा तिथे किती दिवस ठेवता येईल आणि त्याचा चारा-पाण्याचा खर्च कोणाचा? ‘जसा आहे तसा’ असं लिहिलं असेल, तर नंतर तक्रारीला फारशी जागा उरत नाही.

हातोडा पडला की काय बदलतं?

आपल्याकडे १९३० चा मालविक्री कायदा आहे. त्याचं ६४ वं कलम लिलावाबद्दल आहे. लिलाव पुकारणाऱ्याने हातोडा आपटून किंवा रिवाजाप्रमाणे विक्री जाहीर केली, की सौदा पूर्ण होतो. त्याआधी बोली मागे घेता येते, असं कायदा म्हणतो. पण ऑनलाइन लिलावाच्या अटींमध्ये ‘एकदा दिलेली बोली मागे घेता येणार नाही’ असं असू शकतं. म्हणून अटी वाचायच्या.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वेगळं काही ठरलं नसेल, तर मालकीबरोबर जोखीमही घेणाऱ्याकडे जाते. म्हणजे रात्री सात वाजता हातोडा पडला आणि नऊ वाजता घोड्याला पोटशूळ झाला, तर नुकसान तुमचं असू शकतं. घोडा अजून तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलासुद्धा नसतो! म्हणून विमा काढायचा असेल, तर तो हातोडा पडल्या क्षणापासून लागू होईल का, हे आधीच विचारून ठेवा.

कायद्याने घेणाऱ्याला एक संरक्षणही दिलंय. विकणाऱ्याने आधी जाहीर न करता स्वतः बोली लावली किंवा किंमत फुगवायला आपला माणूस बसवला, तर घेणारा तो व्यवहार फसवणुकीचा मानू शकतो.

तुमचे डोळे तिकडे पाठवा

दुरून घोडा घेताना आपण खरं तर कोणाच्या तरी नजरेवर पैसे लावत असतो. ती नजर विकणाऱ्याची असून चालणार नाही. ओळखीचा जाणकार आणि आपण निवडलेला पशुवैद्य, या दोघांपैकी निदान पशुवैद्य तरी लिलावाआधी घोड्यापर्यंत पोहोचलाच पाहिजे. चार-पाच हजार रुपये वाचवायला गेलो, तर दोन लाखांचा घोडा लंगडा निघू शकतो.

त्याला काय बघायला सांगायचं?

- दात: कायमच्या पुढच्या दातांची पहिली जोडी साधारण अडीच वर्षांनी येते आणि पाच वर्षांच्या आसपास तोंड पूर्ण भरतं. कागदावरचं वय दातांशी जुळतंय का, बघा.
- पाय आणि खूर: घोडा कडक जमिनीवर दुडकीने पळवून बघायचा. मऊ वाळूत लंगडेपणा लपतो. वेदनाशामक दिल्याचा संशय असेल, तर रक्ततपासणी करायची.
- श्वास आणि डोळे: पळवून आणल्यावर श्वासाचा आवाज ऐकायचा. दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतंय का, हे तपासायचं.
- खोडी: गव्हाणीची कड दातात धरून हवा गिळणं, जागच्या जागी डुलत राहणं, लाथ मारणं. वरातीच्या घोडीला बँड आणि फटाक्यांची सवय आहे का, हे तर विचारायलाच हवं.
- ओळख: अंगात चिप असेल, तर तिचा नंबर आणि कपाळावरच्या, पायांवरच्या खुणा कागदाशी जुळवायच्या.

‘ग्लँडर्स’ची तपासणी यापेक्षाही महत्त्वाची. हा जिवाणूंमुळे होणारा रोग घोड्याकडून माणसालाही होऊ शकतो. बाधित घोड्यावर उपचार केले जात नाहीत, त्याला कायद्यानुसार मारावं लागतं. हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात याची तपासणी होते आणि नमुना सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत पाठवता येतो. अलीकडचा ‘निगेटिव्ह’ अहवाल हातात नसेल, तर बोलीच लावू नका. तुमच्या तबेल्यात आधीची जनावरं असतील, तर ती सगळी धोक्यात येतात.

रंग, भोवरे, देवमण, पंचकल्याणी अशा खुणांवर भाव चढतो. हौस असेल तर त्यासाठी जरूर पैसे द्या. पण खुणा चांगल्या म्हणून पाय चांगले असतातच असं नाही.

बोलीचा आकडा आणि खिशातला आकडा

समजा, तुमची बोली दोन लाखांवर सुटली. कमिशन ५ टक्के धरलं, तर १० हजार. विकणारा जीएसटी नोंदणीकृत असेल, तर घोड्यावर कर लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये तो १२ वरून ५ टक्क्यांवर आला, म्हणजे आणखी १० हजार. गाडीभाडं २५ हजार आणि तपासणी ५ हजार धरू. झाले अडीच लाख. कमिशनवरचा कर, विमा आणि वाटेतला खर्च याशिवाय.

म्हणून हिशोब उलटा करा. घरातून अडीच लाखच निघणार असतील, तर बोली दोन लाखांच्या आतच थांबायला हवी. हा आकडा लिलावाच्या आदल्या दिवशी कागदावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हातात द्या. बहुतेक ठिकाणी पैसे थोड्या दिवसांतच भरावे लागतात. ‘नंतर कुठून तरी उचलू’ या भरवशावर बोली लावली, की माणूस व्याजाच्या फेऱ्यात अडकतो.

न पाहिलेल्या वस्तूचा सौदा: दीन काय सांगतो?

लिलाव आपल्या शरीयतला नवा नाही. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी एका गरजू अन्सारी व्यक्तीच्या घरातलं कापड आणि वाटी अशीच बोली लावून दोन दिरहमला विकून दिल्याचं हदीसच्या ग्रंथांत येतं. त्या पैशांतून त्याला कुऱ्हाड घेऊन कमवायला लावलं. घ्यायचं मनात नसताना नुसता भाव फुगवायला बोली लावणं, ज्याला ‘नजश’ म्हणतात, त्याला मात्र सक्त मनाई आहे.

हनफी फिकहमध्ये न पाहता वस्तू घेणाऱ्याला ती पाहिल्यावर सौदा मोडायचा हक्क आहे. त्याला ‘खियार-ए-रूयत’ म्हणतात. पण खरेदीसाठी नेमलेल्या वकिलाने म्हणजे प्रतिनिधीने ती वस्तू पाहिली, तर ते तुम्ही पाहिल्यासारखंच धरलं जातं. म्हणजे माणूस पाठवताय, तर विचार करून पाठवा! कोकणातले आपले अनेक बांधव शाफई आहेत. त्या मसलकच्या प्रचलित मतानुसार न पाहिलेल्या वस्तूची विक्रीच वैध ठरत नाही. त्यामुळे लिलावाच्या अटी घेऊन आधी जाणकार आलिमांना विचारलेलं बरं.

हजरत उमर (र.) यांच्याबद्दल एक प्रसंग सांगितला जातो. त्यांनी एक घोडा सौदा करून चालवून पाहायला घेतला आणि त्या वेळी घोड्याला इजा झाली. मालक तो परत घेईना. मग शुरैह यांना पंच नेमलं. त्यांनी निवाडा खलिफांच्या विरोधात दिला: घेतलाय तो ठेवा, नाहीतर जसा घेतला होता तसाच परत करा. उमर (र.) यांना हा न्याय इतका पटला, की त्यांनी शुरैह यांना कूफाचं काझीपद दिलं. घोडा बिघडला तर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे. उत्तर सौद्याआधी ठरलेलं असावं.

लिलावाच्या दिवशी

मोबाईल पूर्ण चार्ज करा आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन जवळ ठेवा. पडद्यावरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा काही सेकंद मागे असू शकतं. तुम्हाला अजून वेळ आहे असं वाटतं आणि तिकडे हातोडा पडलेला असतो. म्हणून शेवटच्या क्षणाची वाट बघू नका. रेंजचा भरवसा नसेल, तर फोनवरून बोली घेतात का, हे आदल्या दिवशी विचारा. बोली कितीच्या टप्प्याने वाढते, तेही माहीत करून घ्या. पाच हजारांचा टप्पा आहे असं समजून दाबलं आणि पंचवीस हजार चढले, असं नको. सुरुवातीचे दोन-चार लॉट नुसते बघा, म्हणजे वेग कळतो.

कागदावरचा आकडा आला, की फोन खाली ठेवा.

घोडा घरी येईपर्यंत

पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी एक घोडा जहाजावर चढवून समुद्रमार्गे चौलला उतरला आणि आपल्या शेजारच्या जुन्नरला आला. इथे चांगला भाव मिळेल, अशी त्याची आशा होती. जुन्नरच्या असद खानाने तो घोडा काढून घेतला. खोरासानच्या एका अधिकाऱ्याने मध्यस्थी केली, तेव्हा कुठे तो परत मिळाला. जनावर घेऊन लांबचा प्रवास करायचा, तर कागद आणि ओळखीची माणसं, दोन्ही हवं.

आज कागद म्हणजे पैसे भरल्याची पावती, मालकी हस्तांतराचं पत्र, पशुवैद्याचं प्रवासाला योग्य असल्याचं प्रमाणपत्र आणि तपासणीचे अहवाल. गाडीत खाली पेंढा हवा, वाटेत थांबून पाणी हवं आणि सोबत घोड्याची सवय असलेला माणूस हवा. आल्यावर दोन-तीन आठवडे त्याला बाकीच्या जनावरांपासून वेगळं बांधा. गाडीतून उतरतानाच त्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी आपल्या पशुवैद्याला दाखवा. परत करायची मुदत असेल, तर तिचे दिवस तेव्हा सुरू झालेले असतात.