गिऱ्हाईक भगिनीला काय हवे, हे विचारा!

रमजानचा चाँद आठ दिवसांवर आला की मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर पाय ठेवायला जागा नसते. अशाच एका संध्याकाळी आम्ही ओळखीच्या दुकानात बसलो होतो. एक शिक्षिका भगिनी आल्या. मालकांनी खडे आणि जरीकाम केलेले अबाये भराभर समोर टाकले. बाई म्हणाल्या, "भाईजान, हात खडूने भरतात. मनगटाला बटण असलेली साधी बाही दाखवा." तसा माल नव्हता. बाई निघून गेल्या. मालक म्हणाले, "बायकांना काय हवे, त्यांनाच कळत नाही!"

आमचे मत उलट आहे. बाईंना नेमके कळत होते, दुकानदाराने मात्र माल भरताना कुणाला विचारले नव्हते.

अंग झाकणे ही मर्यादा झाली. कापड, रंग, शिलाई भगिनी आपल्या सोयीने निवडतात. म्हणून सगळीकडे एकच पेहराव दिसत नाही. बोहरा भगिनींचा रिदा रंगीत, दोन भागांचा, लेस लावलेला असतो. खेड्यापाड्यांत अनेक भगिनी साडीचा पदरच डोक्यावरून घेतात. १९७० नंतर कोकणातून आखातात नोकरीला गेलेल्यांच्या सामानातून अबाया घरोघर आला.

घेणारीची नजर कशावर असते? ती कापड उजेडात धरून आरपार दिसते का ते पाहते, मुठीत चुरगाळून चुणी पडते का ते पाहते. निदा, क्रेप ही पॉलिएस्टरची कापडे चुरगळत नाहीत, लवकर वाळतात, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात अंगाला चिकटतात. सुती कापड गार लागते, मात्र काळा रंग धुण्यात विटतो. लोकलने जाणारीला घेर पायात यायला नको. तान्हे मूल असलेलीला पुढून उघडणारा अबाया लागतो.

आमच्या शिलाई कारागीर बंधूंची संधी इथेच आहे. तयार अबाया ५४, ५६, ५८ इंच अशा ठरावीक लांबीत येतो. बाही, घेर, खिसा, बटण मनाजोगते करून देणे कारागिरालाच जमते. त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. माप घ्यायला बाई ठेवावी. ते जमत नसेल तर भगिनीचा जुना, अंगाला बसलेला कपडा नमुन्याला मागावा. आणि जे मागितले पण दुकानात नव्हते, ते रोज वहीत लिहून ठेवावे.

पुढच्या ईदचा माल याच वहीवरून भरावा. मग त्या शिक्षिका भगिनी रिकाम्या हाताने परत जाणार नाहीत.