नोंद नाही म्हणून घडलेच नाही?

दूधवाल्याचे खाडे आपण कॅलेंडरवर न चुकता मांडतो. वाण्याची उधारी, इस्त्रीला दिलेले कपडे, सगळे लिहून ठेवतो. नाहीतर महिनाअखेर वाद ठरलेला! एक गोष्ट मात्र लिहायची राहोच, बोलायचीसुद्धा नाही असे आपण ठरवून टाकले आहे. ती म्हणजे मुलांवर होणारे अत्याचार. 'कशाला उगीच बोभाटा? झाकली मूठ सव्वा लाखाची!'

ही मूठ एकदा उघडली गेली होती. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने एक पाहणी प्रसिद्ध केली. तेरा राज्यांतल्या १२,४४७ मुलांना त्यात विचारले होते. महाराष्ट्र आणि गोवाही त्यांत होते. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक त्रास सोसल्याचे सांगितले. मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित जास्तच निघाले! आणि बहुतेकांनी हे कुणालाच सांगितले नव्हते.

आता पोलिसांकडचा आकडा पाहा. २०२२ साली देशभरात मुलांविरुद्धचे १,६२,४४९ गुन्हे नोंदले गेले. यात अपहरणसुद्धा आले. हा आकडा एका वर्षाचा आहे, तेव्हा दोन्हींची तंतोतंत तुलना होणार नाही. पण एवढ्या मोठ्या देशात तो फारच थोडा वाटतो, नाही का? कारण चौकीपर्यंत पोचले तेवढेच त्यात येते. म्हणून आकडा वाढला की नुसते हळहळू नये. कदाचित चार आया जास्त धीराने पुढे आल्या असतील. आणि आकडा शून्य असला, तरी तिथली मुले सुखरूप आहेत असे समजू नये.

नोंदीचा उपयोग काय, असे कुणी विचारील. मी अर्धवेळ शिकवते, म्हणून शाळेचेच उदाहरण देते. समजा, एकाच व्हॅनवाल्याबद्दल तीन मुलांनी तीन वेगळ्या बाईंना काहीतरी सांगितले. प्रत्येकीला ते किरकोळ वाटेल. तेच एका वहीत एकाखाली एक आले, तर कुणाचेही डोळे उघडतील! चौथे मूल वाचते ते असे.

तुमच्या मुलाने काही सांगितले, तर आधी शांतपणे ऐका. 'तू तिथे गेलासच कशाला?' हे तोंडातून निघता कामा नये. नंतर तारीख, वेळ, जागा आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा. 'काकांनी चड्डीत हात घातला' याचे 'गैरवर्तन केले' करू नका. पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. घटना नुकतीच घडली असेल, तर आंघोळ घालण्याआधी, कपडे धुण्याआधी डॉक्टरांकडे न्या.

'पण पोरीचे नाव खराब होईल' ही भीती खरी आहे. म्हणूनच २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाची ओळख उघड करायला बंदी आहे. जबाब घरीच घेता येतो. तो शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. माहिती असून पोलिसांना न कळवणे हा मात्र गुन्हा आहे. शाळेच्या प्रमुखांनी दडवले, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १०९८ हा मुलांसाठीचा मदतीचा नंबर फ्रिजवर लावून ठेवा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतले प्रकरण बाहेर आले, तेव्हा तक्रार नोंदवायला झालेल्या उशिराबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने खडे बोल सुनावले. शाळांमध्ये सखी सावित्री समिती नेमण्याचा शासननिर्णय तर २०२२ चाच! तेव्हा पालकसभेत वह्यापुस्तकांचे झाले की एवढे विचाराच : समिती शेवटची कधी बसली? तक्रारपेटी कोण उघडते? आणि निघालेली चिठ्ठी कोणत्या वहीत चढते? एकटीला संकोच वाटत असेल, तर शेजारणीला बरोबर घ्या. दोघींनी विचारले की ती वही शोधावीच लागेल.