व्यापारी गटातून बाहेर पडल्यावर आयात-निर्यातीचे काय होते?

सोयाबीनला भाव हवा असेल तर भारताने परदेशांशी केलेल्या व्यापार करारांतून बाहेर पडले पाहिजे, असे अलीकडे आपल्या जिल्ह्यात मोंढ्यावर आणि एस.टी.तही ऐकावयास मिळते. दुसरीकडे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे आपले विद्यार्थी ब्रिटन युरोपीय संघातून कधी बाहेर पडले, ती तारीख तोंडपाठ सांगतात; परंतु त्यामुळे मालाच्या ये-जा करण्यात प्रत्यक्ष काय फरक पडला, असे विचारले की गप्प होतात. आम्ही काही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारे आहोत. तथापि कागदपत्रांत आयुष्य गेल्यामुळे या विषयाची एक बाजू आम्हास जवळून कळते, तेवढी येथे मांडत आहोत.

व्यापारी गट म्हणजे काय, हे समजून घेण्यास परदेशी जावयास नको. पैनगंगेपर्यंत गेले तरी पुरे. अलीकडे कळमनुरी, सेनगाव आणि पलीकडे उमरखेड, पुसद. आज हा एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाण्याचा रस्ता आहे. परंतु १९४८ पर्यंत अलीकडे निजामाचे राज्य होते व पलीकडे १९४७ पर्यंत इंग्रजांच्या ताब्यात असलेले वऱ्हाड. निजामाची जकात वेगळी होती. तिला करोडगिरी म्हणत. जुनी माणसे अजूनही हा शब्द वापरतात. गाडी नाक्यावर थांबे, मालाची किंमत लावली जाई, त्यावर साधारण पाच टक्के कर घेतला जाई आणि मग पावती मिळे. नाणेही वेगळे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा हिशेब होता. बदलताना बट्टा बसे तो निराळाच. पाच टक्के कर आजच्या मानाने फार नव्हे; पण नाक्यावर गेलेला दिवस, किमतीवरून झालेली हुज्जत आणि नाण्याचा बट्टा हे सर्व धरले म्हणजे दोन पोती घेऊन जाणाऱ्याला पलीकडचा बाजार परवडण्यासारखा राहत नसे. शंभर गाड्यांच्या व्यापाऱ्याचे मात्र अडत नसे. त्याचा मुनीमच नाक्यावर ओळखीचा असे.

१७ सप्टेंबर १९४८ नंतर हैदराबाद संस्थान भारतात आले. पुढील काही वर्षांत ही जकात टप्प्याटप्प्याने गेली आणि हाली नाणेही चलनातून गेले. राज्यघटनेच्या कलम ३०१ ने देशभर व्यापार मोकळा ठेवला. आज हिंगोलीची हळद सांगलीला जाते तेव्हा वाटेत कोणी करोडगिरी मागत नाही. (जीएसटीचे ई-वे बिल लागते, पण ती वेगळी गोष्ट.) अनेक प्रदेशांनी आपापसातील नाके काढून टाकावेत आणि बाहेरच्यासाठी एकच नाका ठेवावा, यालाच सीमाशुल्क संघ म्हणतात. आपापसातील कर काढला किंवा कमी केला, पण बाहेरच्या मालावर ज्याचा त्याने स्वतंत्र कर ठेवला, तर ते मुक्त व्यापार क्षेत्र होय. युरोपीय संघ पहिल्या प्रकारात मोडतो. भारताचा आसियान देशांशी असलेला करार दुसऱ्या प्रकारात.

असा संघ मोडल्यावर काय होते, याचा सर्वांत मोठा अनुभव आपल्याच देशाने घेतला आहे. फाळणीनंतरही काही महिने भारत व पाकिस्तान यांच्यात जुनी व्यवस्था चालू होती. १ मार्च १९४८ पासून भारताने जकातीपुरता पाकिस्तान हा परका देश मानला. अविभाजित भारतातील ३९४ कापड गिरण्यांपैकी ३८० भारतात राहिल्या होत्या. पण सिंध व पश्चिम पंजाबचा लांब धाग्याचा कापूस पलीकडे गेला होता. तागाच्या गिरण्या बहुतेक कलकत्त्याच्या आसपास आणि बहुतांश ताग पूर्व बंगालात. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. त्यामुळे त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४ मोजावे लागणार, असा हिशेब आला. भारताने तो दर मान्य केला नाही आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला. फेब्रुवारी १९५१ च्या करारानंतरच तो पुन्हा सुरू झाला. या मधल्या काळात दोन्हीकडच्यांनी दुसरी वाट शोधली. मुंबईच्या गिरण्यांनी इजिप्त व पूर्व आफ्रिकेचा कापूस घेतला. आपल्याकडे पश्चिम बंगाल, बिहार, आसामात तागाची लागवड वाढली. तिकडे नारायणगंजला आदमजी ताग गिरणी उभी राहिली. एकदा दुसरीकडे गेलेला गिऱ्हाईक जुना दर दिला तरी परत येत नाही, हे दुकानदारास सांगावयास नको.

आता ब्रिटनकडे वळू. ब्रिटन १ जानेवारी १९७३ रोजी युरोपीय गटात सामील झाला. २३ जून २०१६ च्या सार्वमतात ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन बाहेर पडला, मात्र जुने व्यापारी नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालू राहिले. शेवटी दोघांत करार झाला आणि त्यात एकमेकांच्या मालावर कर लावावयाचा नाही असे ठरले. येथे विद्यार्थी हमखास चुकतात. कर शून्य, म्हणजे फरक शून्य, असे ते गृहीत धरतात. वस्तुतः कर शून्य राहिला तरी नाका उभा राहिला. मांस पाठवावयाचे तर प्रत्येक खेपेस पशुवैद्याच्या सहीचे प्रमाणपत्र हवे. काही विशिष्ट पाण्यातले जिवंत शिंपले युरोपात पाठविणे तर बंदच झाले. कारण तो नियम बाहेरच्या देशांना लागू होता आणि ब्रिटन आता बाहेरचा झाला होता.

शिवाय शून्य कर मिळतो तो माल ब्रिटनमध्येच तयार झाला असे सिद्ध केले तर. भारतात शिवलेला सदरा लंडनच्या व्यापाऱ्याने कर भरून आपल्या गोदामात उतरवून घेतला आणि पुढे आयर्लंडच्या दुकानात पाठवला, तर तो सदरा ब्रिटिश ठरत नाही; तेथे त्यावर पुन्हा कर. पूर्वी लंडनच्या एका गोदामातून सगळा युरोप चालत असे, तो प्रकार यामुळे महाग झाला.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील संशोधकांनी २०२४ च्या अखेरीस जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात युरोपीय संघाला माल पाठवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे १६,४०० कंपन्यांनी तिकडची निर्यात थांबविली, असा निष्कर्ष आहे. या बहुतेक लहान होत्या. मोठ्या कंपन्यांच्या निर्यातीवर फारसा परिणाम दिसला नाही. आम्हास यात आश्चर्य वाटले नाही. एका खेपेचे कागद करावयास जेवढा खर्च, तेवढाच तो दहा लाखांच्या मालाला आणि तेवढाच दहा कोटींच्या मालाला. हे गणित पैनगंगेच्या नाक्यावरचेच आहे.

आयातीची गोष्ट थोडी निराळी. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२१ पासूनच पूर्ण तपासणी सुरू केली. ब्रिटनने मात्र आपल्या बाजूची तपासणी वारंवार पुढे ढकलली आणि खाद्यपदार्थांसाठी ती २०२४ मध्ये अमलात आणली. दुकानात भाजी कमी पडून चालत नाही, हे त्याचे साधे कारण. म्हणजे बाहेर पडणाऱ्याची निर्यात आणि आयात एकाच मापाने घटत नाही. नाका कोण किती कडक ठेवतो, यावर ते अवलंबून असते.

याची झळ तिसऱ्यालाही लागते. नाशिकची द्राक्षे हॉलंडलाही जातात आणि ब्रिटनलाही. पूर्वी कीटकनाशकांच्या अंशाची एकच यादी पाहावी लागे. २०२१ पासून ब्रिटनची यादी स्वतंत्र झाली व बागाईतदाराला दोन्हींवर लक्ष ठेवावे लागते. याची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. संघात असताना ब्रिटनला एकट्याने व्यापार करार करता येत नव्हता. बाहेर पडल्यामुळेच त्याला २४ जुलै २०२५ रोजी भारताशी स्वतंत्र करार करता आला.

आता सोयाबीन. आपला देश गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. त्यातील पामतेल मुख्यतः इंडोनेशिया व मलेशियाचे. हे दोन्ही देश आसियान गटात आहेत आणि त्या गटाशी आपला वस्तुव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. या करारामुळे आपले हात बांधले गेले, असे म्हटले जाते. ते कितपत खरे? करारानुसार कच्च्या पामतेलावर आपण जास्तीत जास्त ३७.५ टक्के कर लावू शकतो. सरकारने १४ सप्टेंबर २०२४ रोजी मूळ आयात कर २० टक्के केला व ३० मे २०२५ रोजी तो १० टक्क्यांवर आणला. दोन्ही वेळा करार जसाच्या तसा होता आणि त्याची मर्यादा दोन्ही आकड्यांच्या बरीच वर होती. बाहेर पडल्यास जागतिक व्यापार संघटनेच्या नियमाने ३०० टक्क्यांपर्यंत मोकळीक मिळेल हे खरे, पण ३७.५ पर्यंतची मोकळीक आजही वापरली जात नाही, कारण फोडणीच्या तेलाचा भाव शहरातल्या आणि आपल्याही घरात लगेच कळतो. शिवाय सोयाबीनचे तेल येते ते मुख्यतः अर्जेंटिना व ब्राझीलहून. ते देश आसियानमध्ये नाहीतच. त्या तेलावर कराची मर्यादा ४५ टक्के आहे, ती जागतिक व्यापार संघटनेतील वचनाने. आसियानशी असलेल्या करारातून बाहेर पडून ती हलणार नाही.

उलट बाजूने हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि आपल्याकडील काही शेतकरी कंपन्या स्वतः निर्यात करण्याचा विचार करू लागल्या आहेत. भारतीय हळदीच्या मोठ्या गिऱ्हाइकांत मलेशिया आहे. आपण करार मोडला तर त्यांनाही आपल्या मालावरचा कर व कागद वाढविण्याची मोकळीक मिळेल. तेव्हा जुन्या निर्यातदाराचा मुंबईतील दलाल ते कागद करून घेईल; पहिलीच खेप पाठवणाऱ्या वसमतच्या कंपनीला ते कोणाकडून करून घ्यावयाचे, हे आधी ठरवावे लागेल.