रायफलींवरील अंक व हरणाची शिकार

अमेरिकन रायफलींच्या नळ्यांवर कोरलेले अंक मापाचेच असतात, असा संग्राहकांत सामान्य समज आहे. परंतु जुन्या कागदांतील अंक जसे कोठें सनाचे, कोठें रकमेचे व कोठें वजनाचे असतात, तसाच प्रकार येथेंही आहे. ‘.३०-३०’ (सन १८९५) यांतील पहिला अंक इंचाच्या शतांशांत कॅलिबर सांगतो, व दुसरा ३० ग्रेन दारूचा आहे. ‘.३०-०६’ यांतील दुसरा अंक सन १९०६ चा, तर ‘.२५०-३०००’ (सन १९१५) यांतील दुसरा सेकंदास ३००० फूट या वेगाचा आहे. तेव्हां नुसत्या नांवावरून रायफल कोणत्या शिकारीची हें ठरवूं जाणें धोक्याचें होय.

हरीण व उपद्रवी जनावरें या दोहोंस मिळून एकच रायफल कोणती घ्यावी, हा तिकडील शिकाऱ्यांचा जुना प्रश्न. वुडचक, प्रेअरी डॉग, कोयोट हीं जनावरें लहान, व तीं दुरूनच टिपावीं लागतात. त्यांस हलकी, वेगवान, लागतांच फुटणारी पातळ कवचाची गोळी हवी. ‘.२२० स्विफ्ट’ (सन १९३५) हें काडतूस ४८ ग्रेनची गोळी सेकंदास ४००० फुटांहून अधिक वेगानें फेंकीत असे. परंतु हरणाच्या बाबतींत हाच गुण दोष ठरतो. गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली तर ती हृदय-फुप्फुसांपर्यंत पोंचत नाहीं, व जखमी जनावर रानांत शिरून हाल होऊन मरतें. कॉलोरॅडो राज्यांत हरणासाठीं .२४ इंचाहून लहान कॅलिबर चालत नाहीं, याचें कारण हेंच.

हा दुहेरी हेतु साधण्यासाठीं सन १९५५ मध्यें दोन कारखान्यांनीं दोन काडतुसें काढलीं: विंचेस्टरनें ‘.२४३’ व रेमिंग्टननें ‘.२४४’. नांवें भिन्न असलीं तरी दोहोंच्या गोळीचा व्यास .२४३ इंचच. दारू मावण्याची जागा ‘.२४४’ मध्यें किंचित् अधिकच होती. असें असतां हरणाच्या शिकाऱ्यांनीं ‘.२४३’ लाच पसंती दिली.

याचें कारण नळीच्या आंतील पेचांत आहे. गोळी लांब असेल तितकी ती सरळ जाण्यास तिला अधिक फिरकी द्यावी लागते, आणि व्यास तोच ठेवून वजन वाढविलें कीं गोळी लांब होते. विंचेस्टरचा पेच १० इंचांत एक फेरा घेई. त्यामुळें उपद्रवी जनावरांस ८० ग्रेनची व हरणास १०० ग्रेनची, अशा दोन्ही गोळ्या त्यांतून नीट जात. रेमिंग्टनचा पेच १२ इंचांत एक फेरा, म्हणून तयार काडतुसें ७५ व ९० ग्रेनचींच निघालीं. १८० ग्रेनचा तोळा धरल्यास १० ग्रेनचा हा फरक एका माशाहूनही कमी होय. परंतु गिऱ्हाइकानें तो हिशोबांत धरला. सन १९६३ मध्यें रेमिंग्टननें तेंच काडतूस ‘६ मिलिमीटर’ या नांवानें, ९ इंचांत एक फेरा घेणाऱ्या नळीसह पुन्हां बाजारांत आणलें, तोंपर्यंत ‘.२४३’ चें बस्तान बसलें होतें.

सारांश, केवळ लहान उपद्रवी जनावरांसाठीं .२२ च्या वर्गांतील वेगवान काडतूस, केवळ हरणासाठीं .३० चा वर्ग, आणि दोहोंसाठीं एकच हवी तर १० इंची पेचाची ‘.२४३’, अशी निवड युक्त दिसते. मात्र हरणावर ८० ग्रेनची उपद्रवी जनावरांची गोळी झाडूं नये.

आमच्याकडे सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें व त्याच्या पुढील दुरुस्त्यांनीं हरणांची शिकार निषिद्ध आहे. म्हणून येथें हा विषय साधनपरीक्षेपुरताच. कायदेशीर संग्रहांत अशी रायफल आढळल्यास ती रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट काढावा. फिरत्या मुठीच्या सळईस घट्ट चिंधी लावून ती नळींत घालावी, आणि सळईचा एक पुरा फेरा किती इंचांत होतो तें मोजावें. नळीवरील अक्षरें व हें माप यांत विरोध आला, तर माप प्रमाण मानावें.