घर शनिवारचे, कुत्रे आठवड्याचे

शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून चौक किंवा खालापूरला बाहेर पडणाऱ्या मोटारींच्या मागच्या सीटवर बऱ्याचदा एक छोटा प्रवासी दिसतो. कधी ते लॅब्राडोरचे पिवळसर पिल्लू असते, तर कधी निळ्या डोळ्यांचे हस्की. कर्जत-खालापूरच्या डोंगरपायथ्याशी दहा-वीस गुंठे जागा घेतली, घर उभे राहिले, आंब्याची कलमे लागली, ओटीवर झोपाळा टांगला, की कुटुंबात पुढचा विषय निघतो तो कुत्र्याचा. मुंबईतल्या दोन खोल्यांत जे जमले नाही ते येथे जमेल, ही त्यामागची भावना. ती समजण्यासारखी आहे. मात्र 'कोणत्या जातीचे घ्यावे?' या प्रश्नाची सुरुवात बहुतेक वेळा चुकीच्या टोकापासून होते.

मालक आधी स्वतःकडे पाहतो. आपल्याला भटकंतीची हौस, तर कुत्रेही दौडणारे हवे. आपण अबोल, तर तेही शांत हवे. चारचौघांत उठून दिसायचे, तर रुबाबदार हवे. या हिशेबात धरलेले असतात ते शनिवार आणि रविवार. कुत्र्याला मात्र सोमवार ते शुक्रवारही त्याच आवारात काढायचे असतात. ते पाच दिवस त्याच्या सोबतीला असतो तो घराचा राखणदार, बहुधा जवळच्या ठाकूर किंवा कातकरी वाडीतले एखादे जोडपे. त्याला भाकरी कालवून घालणारे, गोचिडी काढणारे, रात्री त्याच्या भुंकण्याने उठून बॅटरी घेऊन बाहेर येणारे तेच. कुत्रे सात-बाराचा उतारा वाचत नाही. जो रोज दिसतो, रोज खाऊ घालतो, तो त्याचा धनी. शनिवारी हॉर्न वाजवत फाटकातून आत येणारी मंडळी ही त्याच्या लेखी बिस्किटे आणणारी पाहुणे मंडळी होत.

तेव्हा स्वभाव जुळवायचाच असेल, तर तो आधी राखणदाराच्या घराशी जुळवायला हवा. त्या बाईला मोठ्या कुत्र्याची भीती वाटते का? तिची लहान मुले अंगणात खेळतात का? कोंबड्या, शेळ्या आहेत का? तिला न विचारता पन्नास किलोचे रॉटवायलर आणून तिच्या हाती साखळी देणे हा तिच्यावर अन्याय, आणि कुत्र्यावरही. भीतीपोटी ते कुत्रे मग दिवसरात्र बांधलेलेच राहते. सतत बांधलेले कुत्रे चिडखोर होते, भेटेल त्याच्यावर धावून जाते, आणि मग 'जातच वाईट' असा निकाल लागतो.

जातीवरून स्वभाव ठरवण्याची हौस जुनी आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली कोरेन यांनी १९९८ साली एक पुस्तकच लिहिले. त्यात कुत्र्यांच्या जातींचे त्यांच्या वागणुकीनुसार सात गट पाडून माणसांच्या स्वभावाशी त्यांची जोडी लावून दाखवली होती. पुस्तक वाचायला मजेदार आहे. पण एप्रिल २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासाने या समजुतीला चांगलाच धक्का दिला. १८ हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकीय विश्लेषण यांचा मेळ घातल्यावर असे दिसले, की दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक पडतो त्यातला साधारण नऊ टक्केच जातीने समजावता येतो. सांगितलेले ऐकणे, वस्तू उचलून आणणे अशा काही गोष्टींत जातीचा वाटा जरा अधिक निघाला. राग पटकन येणे किंवा न येणे यात फारच थोडा. लॅब्राडोर म्हणजे प्रेमळ आणि रॉटवायलर म्हणजे तापट, ही वाटणी इतकी सरळ नाही. लहानपणी मिळालेली वागणूक, सवय आणि त्या एकेका कुत्र्याचा पिंड यांचा भाग मोठा आहे.

मग जात पाहायचीच नाही का? पाहायची, पण स्वभावापेक्षा अधिक शरीरासाठी. केसांची दाटी, नाकाची ठेवण, वजन, पायांची लांबी, पळण्याची ताकद या गोष्टी जात नेमकेपणाने सांगते आणि कर्जत-खालापूरचे हवामान नेमकी याच गोष्टींची परीक्षा घेते.

येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत काहीच वाळत नाही. भिंतींना बुरशी येते, तशी ती कुत्र्याच्या कातडीलाही येते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला भिडतो, आणि मेअखेरीस त्या उन्हात दमटपणाची भर पडते. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकते आणि जिभेवरची, श्वासमार्गातली ओल वाफेवाटे जाऊन त्याचे अंग निवते. हवाच दमट असली की ही वाफ नीट उडत नाही.

हे ध्यानात घेतले, म्हणजे सायबेरियाच्या बर्फात गाड्या ओढण्यासाठी घडलेल्या हस्कीचे येथे काय होत असेल ते सांगावे लागत नाही. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आतला मऊ थर पावसात भिजला, की दिवसदिवस ओला राहतो. केस भादरून टाकणे हाही उपाय नव्हे. त्याने कातडी उन्हात उघडी पडते. सेंट बर्नार्डची गोष्ट तीच. मुंबईत वातानुकूलित खोलीत ही कुत्री कशीबशी निभावतात. शेतघरावर पाच दिवस वातानुकूलन बंद असते आणि पावसाळ्यात वीज किती वेळ राहील याचा भरवसा नसतो.

पगची कथा वेगळी. २००३ च्या सुमारास हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग मुलाच्या मागे मागे चालू लागला आणि घरोघरी या चपट्या नाकाच्या कुत्र्याला मागणी आली. ते चपटे नाक जाहिरातीत गोंडस दिसते. त्या नाकातून उन्हाळ्यात श्वास घेणे मात्र कठीण असते. पगला उष्माघात लवकर होतो. त्याचा दिवस माणसाच्या पायाशी, पंख्याखाली जातो. शेतघरावर सोडून येण्याचे हे कुत्रे नव्हे. बुलडॉगचेही तेच.

लॅब्राडोर या भागात त्या मानाने टिकतो. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर थंड पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांचा तो वंशज. त्यामुळे ओढा दिसला की उडी ठरलेली. त्याचा शत्रू म्हणजे त्याची भूक. आठवडाभर शिळा भात आणि शनिवार-रविवारी पाहुण्यांच्या ताटातले तुकडे, असा क्रम लागला की वर्षभरात तो पिंप होतो. आधीच या जातीत कंबरेच्या सांध्याचे दुखणे पुष्कळ, त्यात वजन वाढले की जिना चढणेही जड जाते. जर्मन शेफर्ड, म्हणजे जुन्या पिढीचा अल्सेशियन, हा मेंढ्या राखणारा गडी. त्याला रोज काम लागते, शिकवणारा माणूस लागतो. रिकामा बसला की तो फाटकापाशी येरझाऱ्या घालत भुंकत राहतो. बीगल हा वासावर जाणारा शिकारी. कुंपणाखालून वाट काढून रानडुकराच्या मागावर निघाला, तर नाव घेऊन हाक मारण्याचा उपयोग नसतो.

देशी जातींची वाखाणणी अलीकडे वाढली, हे चांगलेच झाले. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने चार भारतीय जातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ हाऊंड होता. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांच्या 'मन की बात'मध्ये त्याचे नाव आल्यावर पिल्लांची चौकशी आणखी वाढली. महाराष्ट्रात या कुत्र्याला कारवानी म्हणतात. आखूड केस, सडपातळ बांधा, उष्णता सोसण्याची ताकद. कागदावर तर हा शेतघरासाठीच घडवलेला वाटतो. पण तो दख्खनच्या कोरड्या, मोकळ्या पठारावरचा कुत्रा आहे. नजरेने सावज हेरायचे आणि बाणासारखे सुटायचे, हे त्याच्या अंगात भिनलेले. कर्जतच्या भातखाचरांत त्याच्या नजरेला पडते ती शेजारच्या वाडीतली शेळी किंवा कोंबडी. कुंपण पाच-सहा फुटांचे नसेल आणि त्याला रोज दौडवणारे कोणी नसेल, तर वाडीशी भांडण ठरलेले. शिवाय अंगावर चरबी बेताचीच. पावसाळ्यात झोपायला कोरडी, उंच जागा लागते.

या सगळ्यांत ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, तो म्हणजे गावठी कुत्रा. आखूड केस, उभे कान, मध्यम वजन, कमी आहार. याच मातीत, याच पावसात त्याच्या पिढ्यान्पिढ्या निघाल्या. दत्ताच्या तसबिरीत पायाशी बसतात ती कुत्री अशीच. वाडीतल्या माणसांची त्याच्याशी ओळख जुनी आहे. त्याला काय खायला घालायचे, त्याला कसे दटावायचे हे कोणी शिकवावे लागत नाही. अर्थात गावठी म्हणजे आपोआप निरोगी, हा भ्रम नको. रेबीज, पार्व्हो, डिस्टेंपर त्याची जात विचारत नाहीत. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा लेप्टो या भागात माणसालाही सोडत नाही, कुत्र्याला कसा सोडेल? त्याची लस दर वर्षी द्यावी लागते. गोचिडीतून येणारा ताप गावठी कुत्र्यालाही होतो. आणि हवे तेव्हा आणले, नको तेव्हा रस्त्यावर सोडले, असे त्याच्या बाबतीत सहज घडते, कारण त्याला किंमत मोजलेली नसते.

घरासाठी कुत्रे घेताना 'राखण' हा शब्द हटकून येतो. राखण कशापासून, हे मात्र कोणी विचारत नाही. माथेरान आणि भीमाशंकरच्या मधल्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे, आणि बिबट्याच्या लेखी कुत्रे हे पहारेकरी नसून सावज आहे. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात केलेला अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बिबट्याच्या आहारातला वजनाने ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव-मोकाट कुत्र्यांचा निघाला. तेथे दाट वस्तीची शेती आहे, येथे जंगल अधिक. आकडा तोच असेल असे नाही. पण रात्री अंगणात साखळीने बांधलेले कुत्रे, मग ते रॉटवायलर असो वा गावठी, बिबट्यापुढे हतबल असते. त्याला रात्री दाराआड घेता येईल अशी जागा घरात किंवा राखणदाराच्या खोलीलगत असायला हवी. नसेल, तर आधी ती बांधावी, कुत्रे नंतर आणावे.

फुरसे, घोणस, मण्यार आणि नाग यांची गाठ तर केव्हाही पडू शकते. नाक खुपसत हिंडणारे कुत्रे त्यांच्या वाटेत आधी येते. तालुक्यातले सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-बैलांचे. कुत्र्याच्या गंभीर दुखण्यासाठी अनेकांना थेट परळचे बैलघोडा हॉस्पिटल आठवते, पण कर्जतहून परळ गाठायला किती वेळ लागतो हे लोकलने जाणारा प्रत्येक जण सांगू शकेल. त्यामुळे जवळचा, रविवारीही फोन उचलणारा पशुवैद्य आधी शोधून ठेवलेला बरा.

कायद्याचे थोडक्यात. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांच्या पैदाशीचा व्यवसाय करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक आहे आणि आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही. महिन्याचे पिल्लू खोक्यात घालून देणाऱ्याकडे पाठ फिरवावी. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना धाडले होते. ते एप्रिल २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने रद्द केले. बंदी टिकली नाही म्हणून दुबळ्या कुंपणाआड असे कुत्रे ठेवणे शहाणपणाचे ठरत नाही.

पिल्लू केव्हा आणावे, यालाही उत्तर आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आणलेले पिल्लू पहिले चार महिने चिखल, गोचिडी आणि बंद दारे यांतच वाढते. दिवाळीनंतर आणलेले पिल्लू जूनपर्यंत सात-आठ महिन्यांचे होते, लसी पुऱ्या झालेल्या असतात, आवार, वाडी आणि वाडीतली जनावरे त्याच्या ओळखीची झालेली असतात. ते आणण्याआधी राखणदाराच्या पगारात कुत्र्याच्या कामाचे पैसे वेगळे धरावेत. फुकटचे काम म्हणून केलेली निगा फार दिवस टिकत नाही. नसबंदीची तारीखही तेव्हाच ठरवून टाकावी. आणि लसीकरणाचे कार्ड मुंबईच्या कपाटात ठेवू नये. ते राखणदाराच्या घरी, चुलीपासून दूर, खिळ्याला टांगलेले असावे आणि त्यावर पशुवैद्याचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असावा.