हौदातल्या पाण्याचा जमाखर्च



‘जालना सोने का पालना’ असे आपण अभिमानाने म्हणतो. परंतु या पाळण्यात पाणी मात्र नेहमी मोजूनमापूनच आले. घाणेवाडीच्या तलावाने पिढ्यान् पिढ्या या शहराला केवळ उताराच्या बळावर पाणी पाजले, तरी 2012-13 च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत रात्री जागवण्याची पाळी जिल्ह्यावर आलीच. म्हणून आपल्याकडे घर तेथे हौद, टाकी किंवा निदान पिंप हे आलेच. पाणी साठवणे ही आपली गरज आहे, आणि साठवलेले पाणी राखावे लागते. ते राखायचे कसे, हा आजचा विषय.

पाणी स्वच्छ दिसते म्हणजे ते निर्दोष असते, असे नव्हे. 1884 साली रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाला कोलकात्याच्या एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू सापडले. ते नुसत्या डोळ्यांना कधीच दिसले नसते. या अदृश्य शत्रूवर सर्वांत स्वस्त शस्त्र म्हणजे विरंजक चूर्ण, ज्याला आपण टीसीएल पावडर म्हणतो. ताज्या पावडरीत सुमारे 33 टक्के उपयोगी क्लोरीन असतो. मात्र पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा ऊन लागले की तो उडून जातो आणि हाती नुसता चुना राहतो. पावडर टाकूनही गावात साथ आली, तर आधी पोत्याकडे पाहावे.

आता जमाखर्चाचा मुद्दा. पाण्यात टाकलेला क्लोरीन ही जमा. पाण्यातील गाळ, शेवाळ, सडका पालापाचोळा आणि जंतू तो खातात, तो खर्च. खर्च वजा जाता जे उरते ती शिल्लक, आणि आपले रक्षण ही शिल्लकच करते. कारण घागरीत बुडालेला हात किंवा फुटक्या नळातून शिरलेली घाण यांचा समाचार तिलाच घ्यायचा असतो. पिण्याच्या पाण्यात अशी शिल्लक दर लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम हवी, असे भारतीय मानक सांगते. गढूळ पाण्यात खर्चच एवढा होतो की शिल्लक उरत नाही. म्हणून असे पाणी आधी तुरटी फिरवून निवळावे, गाळावे आणि मगच पावडर टाकावी.

किती टाकावी, हे अंदाजाने ठरवू नये. पहिल्या महायुद्धाच्या काळात हॉरॉक्स या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या पाण्यासाठी बसवलेली रीत आजही उपयोगी पडते. त्याच्या पेटीत एक काळी आणि सहा पांढऱ्या वाट्या असतात. काळ्या वाटीत 2 ग्रॅम पावडरीचे द्रावण करतात. पांढऱ्या वाट्यांत आपले पाणी घेऊन पहिलीत त्या द्रावणाचा एक थेंब, दुसरीत दोन, असे सहापर्यंत घालतात. अर्धा तास थांबून प्रत्येकीत स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब टाकले, की शिल्लक असेल तेथे पाणी निळे होते. पहिल्यांदा स्पष्ट निळी झालेली वाटी दुसरी असेल, तर 455 लिटरला दोन चमचे, म्हणजे 4 ग्रॅम पावडर लागेल.

विहिरीचे पाणी मोजणेही सोपे आहे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 785. मापे मीटरमध्ये घेतली की उत्तर लिटरमध्ये येते. 4 मीटर व्यास आणि 3 मीटर पाणी, म्हणजे 37,680 लिटर. दुसऱ्या वाटीच्या हिशोबाने तेथे सुमारे 330 ग्रॅम पावडर लागेल. एका बादलीत 100 ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नये. पावडर कालवावी, चुना खाली बसू द्यावा, वरची निवळी विहिरीत सोडून पाणी ढवळावे आणि अर्धा तास थांबून शिल्लक तपासावी. ओ. टी. द्रावणाने पाण्याला पिवळी झाक आली, तर शिल्लक आहे असे समजावे. तपासलेले पाणी मात्र पिऊ नये, फेकून द्यावे.

आणखी एक गोष्ट सामूची. सामू 7.5 असताना पाण्यातल्या मोकळ्या क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारण्यात तरबेज असतो, 8.5 ला तो जेमतेम दहावा हिस्सा उरतो. क्लोरीन तितकाच, पण त्याचे बळ ओसरलेले! आपल्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. साबणाला फेस येत नाही आणि भांड्याला पांढरे कीट धरते. पोहण्याच्या तलावात म्हणूनच सामू 7.2 ते 7.8 यांच्या दरम्यान ठेवतात. तेथे डोळ्यांना झोंबणारा उग्र वास येतो, तो क्लोरीन फार झाल्याचा नव्हे. घाम आणि मूत्र यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाल्याचा असतो. घरच्या पाण्यात मात्र आम्ल घालण्याच्या फंदात पडू नये. पावडर आणि आम्ल एकत्र आले की विषारी वायू सुटतो. संडास धुण्याच्या आम्लाशेजारी पावडरीचा डबा ठेवणे म्हणजे संकटाला निमंत्रण देणे होय.

मी कामगारांत वावरणारा माणूस आहे. कारखान्यातला कामगार जुलाबाने आठ दिवस अंथरुणाला खिळला, तर रोजंदारीवर जगणाऱ्या घरात तेवढे दिवस चूल कशी पेटायची? औषधाचा खर्च वेगळाच. त्यापुढे चार ग्रॅम पावडरीची किंमत ती काय! आणि ही पावडर पहाटे टाकीत कालवणारा पाणीपुरवठ्याचा कामगारही माणूसच आहे. त्याला हातमोजे, तोंडाला पट्टी आणि वाऱ्याकडे पाठ करून काम करण्याचे शिक्षण मिळाले पाहिजे. ही मेहेरबानी नव्हे. हा त्याचा हक्क आहे.

आपल्या राज्यात पाण्याच्या देखभालीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे आणि हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. तशीच शिस्त प्रत्येक वस्तीने स्वतःला लावून घ्यावी. हौदाशेजारी एक फळा टांगावा. त्यावर तारीख, किती पावडर टाकली आणि किती शिल्लक निघाली, एवढे तीन रकाने असावेत. संघाच्या वर्गणीचा हिशोब चारचौघांत वाचला जातो, म्हणून त्यावर विश्वास बसतो. पाण्याचा हिशोबही असाच उघड्यावर मांडा. रकाना रिकामा दिसला, की कुणीही येऊन विचारू शकेल.