रांग नेमकी कुठे लागते? : स्विचमधला अग्रक्रम

स्विचच्या एका पोर्टातून एका वेळी एकच फ्रेम बाहेर पडते. चार पोर्टांतून आलेल्या चार फ्रेमना पाचव्या पोर्टानेच जायचे असेल, तर एक जाते आणि तीन थांबतात. थांबण्याची जागा म्हणजे बफर आणि थांबलेल्यांची ओळ म्हणजे क्यू. स्विच जसा डब्यातून निघाला तसाच लावला, तर ही ओळ रेशन दुकानासारखी चालते : आधी आला तो आधी सुटला. बफर भरला की मागून आलेली फ्रेम टाकून दिली जाते आणि त्याची वर्दी कोणाला दिली जात नाही. अग्रक्रम लावणे म्हणजे या एका ओळीच्या अनेक ओळी करणे आणि कोणत्या ओळीतून केव्हा, किती सोडायचे ते ठरवणे. त्याने लाइन रुंद होत नाही. कोणीतरी थांबणारच असते. कोणी थांबायचे, एवढेच आपल्या हातात असते.

थांबणे सगळ्यांना सारखे जाचत नाही. जी.७११ पद्धतीने आवाज पाठवणारा आयपी फोन सेकंदाला ५० पॅकेट सोडतो. प्रत्येकात २० मिलिसेकंदांचा आवाज असतो. सगळी शीर्षके धरली तरी एका दिशेचा भार सुमारे ८७ केबीपीएस, म्हणजे नगण्यच. पण आवाज या कानापासून त्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा, ही आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ शिफारस आहे. त्यानंतर बोलणारे एकमेकांचे वाक्य तोडू लागतात, आणि फारच उशिरा आलेले पॅकेट फोन सरळ फेकून देतो. फाइलचे तसे नसते. हरवलेले पॅकेट टीसीपी पुन्हा मागवून घेतो. सातबाऱ्याची पीडीएफ अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडली, तर खिडकीपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

उदाहरणासाठी औशातले, तालुका पातळीवरचे एक कल्पित सरकारी कार्यालय घ्यावे. २४ पोर्टांचा मॅनेज्ड स्विच, त्यावर बारा संगणक, सहा आयपी फोन, लातूरहून होणाऱ्या बैठकांसाठी व्हीसीचा (व्हिडिओ कॉन्फरन्सचा) संच, आठ सीसीटीव्ही कॅमेरे आणि बाहेर जाणारी एकच लाइन. कार्यालय कल्पित असले, तरी अडचण कल्पित नाही. केंद्र सरकारने मार्च २००५ मध्ये मंजूर केलेल्या ‘स्वान’ योजनेत राज्याच्या मुख्यालयापासून जिल्हा आणि तालुक्यापर्यंत आवाज, चित्र आणि डेटा एकाच वाटेने न्यायचा होता, आणि त्या वाटेची ठरवलेली किमान रुंदी होती २ एमबीपीएस. तेवढ्या लाइनवर १५०० बाइटांचे एक पॅकेट बाहेर पडायला ६ मिलिसेकंद लागतात. फोनच्या पॅकेटापुढे अशी २५ उभी असली, की १५० मिलिसेकंद जागच्या जागी संपले. फायबर आल्यावर हे आकडे लहान झाले. एकाच लाइनवर सगळ्यांनी तुटून पडणे मात्र राहिले.

पहिले काम ओळख पटवण्याचे. फ्रेमवर खूण करण्याच्या दोन जागा आहेत. एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्के पाडणाऱ्या व्हीलॅनच्या चार बाइटांच्या टॅगमध्ये तीन बिट अग्रक्रमासाठी राखलेले असतात. त्यांत ० ते ७ असे आकडे बसतात. (येथे एक गंमत आहे : सर्वांत खालचा दर्जा ० नव्हे, १ आहे. ० म्हणजे ‘काही सांगितलेले नाही’.) दुसरी जागा आयपी शीर्षकातली. तेथे डीएससीपी या नावाचे सहा बिट आहेत, म्हणजे ६४ खुणा शक्य होतात. ही रचना डिसेंबर १९९८ च्या आरएफसी २४७४ ने घालून दिली. आवाजासाठी ४६, व्हीसीच्या चित्रासाठी ३४ आणि बिनघाईच्या कामासाठी ८ हे रूढ आकडे. राउटर ओलांडताना टॅग गळून पडतो, आयपी शीर्षक पुढे जाते. म्हणून डीएससीपीवर भिस्त ठेवणे बरे.

खूण कोणाची मानायची, हा यातला सर्वांत नाजूक प्रश्न. ट्रंक कॉलच्या काळात साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे दर्जे होते, आणि लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे पडत; त्यामुळे जो तो लाइटनिंग मागत नसे. नेटवर्कमध्ये खूण फुकट आहे. कोणत्याही संगणकावरचा कोणताही प्रोग्राम स्वतःवर ४६ चा शिक्का मारून घेऊ शकतो. म्हणून विश्वासाची सीमा आखावी लागते : फोनची खूण मानायची, संगणकाची पुसून ० करायची, कॅमेऱ्यांना स्विचनेच आपल्या हाताने खालची खूण द्यायची. टेबलावर बहुधा फोनच्या मागे संगणक जोडलेला असतो आणि भिंतीतून तार एकच येते. तेथे फोनसाठी वेगळा व्हॉइस व्हीलॅन ठेवला, की एकाच पोर्टावर दोघांना वेगळा न्याय देता येतो. एलएलडीपी-मेड समजणारा फोन हा व्हीलॅन आणि खुणेचा आकडा स्विचकडूनच विचारून घेतो.

मग खुणांवरून ओळी ठरतात. बहुतेक मॅनेज्ड स्विचांत दर पोर्टाला चार किंवा आठ क्यू असतात. त्या उपसण्याच्या पद्धती मुख्यतः दोन. कडक अग्रक्रमात वरची ओळ रिकामी होईपर्यंत खालच्या ओळीला हात लावला जात नाही. भारांकित पाळीत प्रत्येक ओळीला वाटा मिळतो, आणि एकीचा वाटा रिकामा राहिला तर दुसरीला वापरता येतो. चांगल्या मांडणीत दोन्ही असतात : आवाज कडक ओळीत, बाकी सगळे वाट्याने. व्हीसी कडक ओळीत घालण्याचा मोह टाळावा. चित्राचा प्रवाह एकसारखा नसतो. मध्येच मोठ्या फ्रेमचा लोंढा येतो आणि तो आवाजाच्या पुढे जाऊन बसतो. व्हीसीला भरघोस वाटा द्यावा, राजमार्ग नव्हे.

कडक ओळीला कुंपणही लागते, नाहीतर खालच्या ओळी उपाशी मरतात. सहा फोन एकाच वेळी चालू असले, तरी भार ५२२ केबीपीएसच्या आसपास. तेव्हा आवाजाला १ एमबीपीएसची कमाल मर्यादा पुष्कळ झाली. ही मर्यादा ठरवताना मात्र कंजूषी करू नये. किल्लारी याच तालुक्यातले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर, ऐन वेळी फोन लागलाच पाहिजे, हे या भागात वेगळे पटवून द्यावे लागत नाही.

मांडणीतले बरेचसे घोटाळे कंपनीने आधीच भरून दिलेल्या आकड्यांतून होतात. सिस्कोच्या कॅटलिस्ट २९६० आणि ३७५० या जुन्या मालिका यासाठी अभ्यासण्यासारख्या आहेत. त्यांत क्यूओएस, म्हणजे अग्रक्रमाची ही सगळी यंत्रणा, मुळात बंद असते आणि स्विच खुणांना हात न लावता पुढे पाठवतो. क्यूओएस चालू करताच सगळे पोर्ट अविश्वासू ठरतात आणि आलेली प्रत्येक खूण ० होते. म्हणजे सुधारणा म्हणून एक आज्ञा द्यावी आणि फोन आधीपेक्षा वाईट चालावेत. शिवाय पोर्टाच्या वाट्याचा बफर चार ओळींत २५-२५ टक्के वाटला जातो. डेटाच्या ओळीला आता चौथाच हिस्सा, म्हणून जिथे फ्रेम गळत नव्हत्या तिथे गळू लागतात. तिसरी गोम सर्वांत लपलेली. ४६ ची खूण पहिल्या ओळीत जाते, आणि त्या ओळीला मुळात पोर्टाच्या वेगाचा पंचविसावा भाग, म्हणजे ४ टक्के इतकाच वेग मिळतो. प्रायॉरिटी क्यूची आज्ञा त्या पोर्टावर वेगळी दिली, की हे बंधन सुटते आणि पहिली ओळ खरोखर कडक होते.

एवढे करूनही व्हीसी अडखळतेच, अशी तक्रार राहू शकते. कारण रांग स्विचमध्ये लागलेलीच नसते. स्विचपासून राउटरपर्यंतचा पोर्ट १ जीबीपीएसचा, बाहेरची लाइन ५० एमबीपीएसची. १५०० बाइटांचे पॅकेट या पोर्टातून १२ मायक्रोसेकंदांत सुटते. स्विचच्या लेखी सगळे मोकळे. फ्रेम साचतात त्या पुढच्या मोडेममध्ये, आणि तिथे ओळ एकच. राउटरवर क्यूओएसची सोय असेल, तर अग्रक्रम तिथेच लावावा. नसेल तर रांग मुद्दाम स्विचमध्ये ओढून आणावी लागते : बाहेर जाणाऱ्या पोर्टाचा वेग लाइनपेक्षा किंचित कमी, ४५ एमबीपीएसच्या आसपास, बांधायचा. वर सांगितलेल्या कॅटलिस्टवर ही मर्यादा पोर्टाच्या वेगाच्या १० ते ९० टक्क्यांतच देता येते. १ जीबीपीएसचे १० टक्के म्हणजे १०० एमबीपीएस, जे येथे निरुपयोगी. म्हणून पोर्ट १०० एमबीपीएसवर आणून ४५ टक्के मर्यादा लावावी. ती हुबेहूब पाळली जात नाही, तेव्हा मोजून पाहावे. वेग हाताने ठरवला, तर समोरच्या टोकालाही वेग आणि डुप्लेक्स तेच ठेवावे.

ही सगळी मात्रा बाहेर जाणाऱ्या डेटाची. बाहेरून आत येणाऱ्याची रांग सेवा पुरवणाऱ्याच्या टोकाला लागते, आणि तिथे औशातल्या स्विचचा हुकूम चालत नाही.

मांडणी झाल्यावर तपासणी गर्दीतच करावी. मोकळ्या लाइनवर प्रत्येक मांडणी उत्तम वाटते. एक फोन चालू ठेवून मोठी फाइल बाहेर पाठवावी आणि स्विचवरचे मोजणीचे आकडे पाहावेत. ४६ च्या खुणेचा आकडा वाढत नसेल, तर विश्वासाची सीमा चुकली. आवाजाच्या ओळीतली गळती शून्यच हवी; डेटाच्या ओळीतली वाढली, तर ते अपेक्षितच आहे. शेवटी केलेली मांडणी कायम स्मृतीत साठवावी. बऱ्याच स्विचांत ती तोपर्यंत तात्पुरत्या स्मृतीतच असते, आणि वीज गेल्यावर यूपीएसने दगा दिला, की स्विच पुन्हा जुन्याच मांडणीने उठतो.